अगदी समोर

नकाशात सुनेत्राचं घर गुलाबी होतं आणि राधिकाचं हिरवं. शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली तो भलामोठा नकाशा उभा केला होता आणि त्याच्यापुढे आईबापांची ही झुंबड, दहावीच्या निकालाला बोर्डापुढे असते तशी. सुनेत्रानं बोटानं आधी तळं शोधलं, मग गॅस स्टेशन, मग त्याच्यामागची आपली लार्क लेन. सापडली. आणि लार्क लेनच्या बरोब्बर मधोमध एक जाड काळी रेघ ओढलेली. रेघेच्या अलीकडे गुलाबी, पलीकडे हिरवं. गुलाबी म्हणजे नवी शाळा, शॉमबर्ग गावाच्या पश्चिमेला जिथे मक्याची शेतं सुरू होतात तिथे बांधलेली, ऑगस्टअखेरीला उघडणारी. हिरवी म्हणजे ही जुनी, जिच्या जिममध्ये आत्ता सगळे उभे होते. "हद्द झाली!" ती मोठ्यानं म्हणाली. शेजारचे गोरे आजोबा वळून "एक्स्क्यूज मी?" म्हणाले, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण अगदी खरं तेच बोललो. हद्दच झाली होती, आपल्या मेलबॉक्सच्या पुढ्यात. तिला हसू आलं आणि हसता हसताच ओसरलं. कारण रेघेच्या या बाजूला तिचा ईशान होता आणि त्या बाजूला समोरच्या राधिकाची सई.

आता ईशान आणि सई म्हणजे काय प्रकरण आहे, हे नकाशा काढणाऱ्या बिचाऱ्याला कुठून कळणार? बालवाडीचं अर्धं वर्ष ईशाननं शाळेत तोंड उघडलं नव्हतं. घरी अखंड टकळी, आणि बसची पायरी चढला की कुलूप. टीचरचा फोन यायचा, "ईशान इज अ वंडरफुल लिसनर." या देशात वाईट बातमी अशीच देतात, आधी गुळात घोळवून, हे सुनेत्राला एव्हाना कळलं होतं. ती फोन ठेवायची आणि सिंकपाशी उभी राहून नळ सोडायची. आपण याला या परक्या देशात आणलं, याची जीभ तिथेच विमानतळावर राहिली, असं काहीबाही मनात यायचं. प्रल्हाद म्हणायचा, "बोलेल बाप्पा, त्याच्या बापाला बोलता येते नं?" नागपूरचा माणूस, त्याला सगळंच होऊन जाणार असतं. आणि मग एका बर्फाळ जानेवारीत समोरच्या घरापुढे ट्रक उभा राहिला. त्यातून एक सोफा उतरला, एक देव्हारा उतरला, आणि लाल टोपी घातलेली एक मुलगी उतरली. ती ट्रकवाल्याला मराठीत सांगत होती, "हळू हं, काका, त्यात देव आहेत." तीच सई. ती ईशानच्या वर्गात गेली आणि पहिल्याच दिवशी त्याची वकील झाली. ईशानला पाणी हवंय, ईशानला बाथरूमला जायचंय, ईशानला हे गाणं आवडत नाही. टीचर वैतागल्या असतील, पण थांबवणार कोण? आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली, "ईशान वाँट्स चॉकलेट मिल्क," आणि ईशान म्हणाला, "नो, आय डोन्ट." हे त्याचे अमेरिकन शाळेतले पहिले शब्द. टीचरनं रडत फोन केला. सुनेत्रानं त्या संध्याकाळी सांज्याच्या पोळ्या केल्या आणि तूप सांभाळत, बर्फावरून घसरत, समोर नेऊन दिल्या. सईशिवाय ईशान त्या नव्या शाळेत गेला तर पुन्हा कुलूप लागणार, याविषयी तिच्या मनात तीळभर शंका नव्हती. नकाशासमोर ती उभी होती ती या एका भीतीपायी. बाकी शाळेची बिल्डिंग, टीचर, रँकिंग, कशाशी तिला देणंघेणं नव्हतं.

घरी येईपर्यंत गाडीत तिच्या डोक्यात एकच शब्द घोळत राहिला, समोर. सोलापुरात रेल्वे क्वार्टर्समध्ये तिचं लहानपण गेलं, दोन रांगा आणि मध्ये एक अरुंद बोळ. आई ओट्यावर बसून गहू निवडता निवडता समोरच्यांशी बोलायची. त्यांचं नावच "समोरच्या". "समोरच्यांना विचार मुरंबा हवाय का." "समोरच्या आज दिसल्या नाहीत, बघून ये गं." कोण आजारी आहे, कुणाचं पत्र आलं, कुणाच्या भाजीत मीठ जास्त पडलं, सगळं त्या बोळातून इकडून तिकडे जायचं, त्याला दार उघडावं लागायचं नाही. समोरच्यांना नाव असेल हे सुनेत्राला पहिल्यांदा कळलं ते त्यांची बदली झाली तेव्हा, ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं पाहून. आणि ते नाव तिला इतकं परकं वाटलं की तिनं आईला विचारलं, या दुसऱ्या कोण? मग ती अमेरिकेत आली आणि पहिली कितीतरी वर्षं तिला समोर कुणी नव्हतंच. समोर पार्किंग लॉट होता, समोर हायवेची भिंत होती, मग हे घर घेतलं तर समोर एक बंद गॅरेज, ज्यातून एक माणूस रिमोटनं आत जायचा आणि रिमोटनं बाहेर यायचा. राधिका आली आणि रस्ता एकदम अरुंद झाला. खिडकीचा पडदा वर असेल तर राधिका उठली, अर्धा असेल तर तिचं डोकं दुखतंय, एवढं सुनेत्राला ओट्यापाशी उभ्या उभ्या समजायचं. रेघ मारणाऱ्यानं ती नेमकी या बोळातून मारली होती.

तिनं गाडी लावली आणि तडक रस्ता ओलांडला. राधिका दारातच होती. "बघितलास नकाशा?" सुनेत्रा म्हणाली. "परीक्षितनं ऑफिसमधून ऑनलाइन बघितला," राधिका म्हणाली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नशीब, आमची साइड वाचली!" वाचली. सुनेत्राच्या कानात तो शब्द पाणी गेल्यासारखा राहून गेला. राधिकाच्या तेव्हाच लक्षात आलं आणि तिनं जीभ चावली, पण जीभ चावून शब्द काही परत आत जात नाही. "अगं, तसं नाही म्हणायचं मला." "कळलं गं," सुनेत्रा म्हणाली आणि उगाचच तिच्या दारातली चप्पल पायानं सरळ केली.

पुढचे आठवडे लार्क लेनवर निवडणूक असावी तसा माहोल होता. हिरवळींवर पाट्या उगवल्या. शेजारची डेबी सह्या गोळा करायला क्लिपबोर्ड घेऊन दारोदार फिरायला लागली आणि आजवर ज्यांनी नुसतं "हाय" म्हटलं होतं ते गॅरेजमधून बाहेर येऊन तावातावानं बोलायला लागले. कुणाला नवी शाळा लांब वाटत होती, कुणाला जुनीत गर्दी; कुणी म्हणे नव्या शाळेत अपार्टमेंटमधली मुलं येणार, आणि हे म्हणताना आवाज जरा खाली आणायचे. सुनेत्राला ते ऐकून मौज वाटायची, कारण परवापरवापर्यंत तीच अपार्टमेंटमधली होती. शनिवारी राधिकाच्या बेसमेंटमध्ये मराठी मंडळींचं पॉटलक होतं, तिथे छोल्यांच्या पातेल्याभोवती उभे राहून सगळ्यांनी तेच केलं. राधिकाचा नवरा परीक्षित लॅपटॉप उघडून टेस्ट स्कोअर वाचत होता. प्रल्हाद कॅरमवर बसून सोंगटीवर नेम धरत म्हणाला, "समोरची पार्टी स्ट्राँग आहे, यार." सगळे हसले. सुनेत्राही हसली, आणि मग तिला वाटलं, अरे, हा शब्दही तोच. समोरचे म्हणजे ज्यांच्याकडे मुरंबा जातो ते, आणि समोरचे म्हणजे ज्यांना हरवायचं ते. भाषेनं एकाच डब्यात दोन्ही ठेवलं होतं, आणि इतकी वर्षं तो डबा उघडताना तिला कधी हे दिसलं नव्हतं.

भांडण झालं ते ताटं विसळताना. तसं भांडण म्हणण्याएवढंही नाही, आवाज कुणाचाच चढला नाही. जुनी शाळा तुडुंब भरलेली होती, पार्किंग लॉटमध्ये कंटेनर ठेवून वर्ग भरत होते, त्यामुळे सुनेत्राची बाजू जुनीत परत येणं शक्यच नव्हतं. रेघ हलली तर एकाच दिशेला हलणार होती, राधिकाच्या परसाच्या मागे, ओढ्यापर्यंत. म्हणजे दोन्ही बाजू नव्या शाळेत. "तूही शाळेच्या बोर्डाला सांग ना," सुनेत्रा म्हणाली, "दोघींनी सांगितलं तर ऐकतील." राधिकानं नळ बंद केला. "म्हणजे तुझ्या ईशानसाठी माझ्या सईनं शाळा बदलायची?" उत्तर "हो" असंच होतं, आणि सुनेत्रानं हातातलं ताट पुन्हा विसळायला घेतलं. "आम्ही जर्सी सिटीत होतो," राधिका ताटाकडे बघत म्हणाली, "तिथून शार्लट, तिथून इथे. परीक्षितचं प्रोजेक्ट संपलं की उचला बिऱ्हाड. दर वेळी ही मुलगी नव्या वर्गात जाते आणि अशी बडबड करते की लोकांना वाटतं काय धीट आहे. रात्री अंथरूण ओलं करते, सुनेत्रा. धुते मी. मी तिला शब्द दिलाय, आता शाळा बदलायची नाही म्हणून." हे सुनेत्राला माहीत नव्हतं. पडदा वर आहे की अर्धा, हे माहीत होतं. चादरी रोज का वाळत पडतात, हे नव्हतं. तिनं काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "पण ती बोलते तरी." आणि झालं. त्या चार शब्दांवर दोघींचा अबोला सुरू झाला.

अबोला म्हणजे काय, हे समोरासमोर राहणाऱ्यांनाच ठाऊक. लांब राहणारी माणसं नुसती बोलत नाहीत. समोर राहणाऱ्यांना न बोलायचं काम दिवसभर करावं लागतं. कचऱ्याचा डबा बाहेर काढताना वेळ बघायची, टपाल आणताना मान खाली. तरी मुलं इकडून तिकडे बागडतच होती, आणि तिसऱ्या होत्या मालिनीकाकू, राधिकाच्या सासूबाई, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. त्यांनी हा अबोला साफ अमान्य केला. सुनेत्राच्या खिडकीत कढीपत्त्याची कुंडी होती, थंडीभर तिनं तिला लेकरासारखं घरात जपलं होतं. काकू स्वेटरवर साडीचा पदर खोचून, पायात परीक्षितचे बूट घालून रस्ता ओलांडायच्या. "तुमचं काय ते तुमच्यापाशी ठेवा. मला आमटीला चार पानं हवीत." सुनेत्रा चार मागितली की मूठभर द्यायची. काकू ती मूठ बघायच्या, तिच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "एवढी आमटी नाही करत गं मी." पण घेऊन जायच्या. मग संध्याकाळी समोरच्या चिमणीतून नव्हे, एक्झॉस्टच्या जाळीतून फोडणीचा वास यायचा आणि सुनेत्राला उगाच बरं वाटायचं.

मे महिन्यात बोर्डाची सुनावणी होती. डेबीनं परस्पर सुनेत्राचं नाव बोलणाऱ्यांत घातलं होतं. "यू आर अ मदर, जस्ट टेल देम." प्रल्हादनं छान भाषण लिहून दिलं, त्यात "कम्युनिटी" हा शब्द पुष्कळ वेळा होता. सुनेत्रानं ते आंघोळ करताना, भांडी लावताना, रेड सिग्नलला पाठ केलं. आणि माइकपाशी उभी राहिली तेव्हा समोरच्या टेबलावरचा, वेळ सुरू झाल्याचा हिरवा दिवा लागला आणि सगळं भाषण धुऊन गेलं. आपला आवाज बाहेर येतच नाही हे तिला जाणवलं, आणि त्याच क्षणी हेही जाणवलं की ईशानला बसच्या पायरीवर असंच होत असणार, अगदी असंच, जीभ आहे पण आपली नाही. तिनं वळून पाहिलं. तिसऱ्या रांगेत राधिका बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. ती कुणाच्या बाजूनं आली होती कुणास ठाऊक. पण तिला पाहिल्याबरोबर सुनेत्राच्या तोंडात शब्द आले, दुसरे कुठले येणार? "माय नेम इज सुनेत्रा. आय लिव्ह ऑन लार्क लेन. माय फ्रेंड राधिका इज ऑपोझिट."

अध्यक्षबाईंनी चष्मा सावरला. चष्म्याला मण्यांची साखळी होती. "युवर फ्रेंड इज अपोज्ड?"

"येस, येस, ऑपोझिट," सुनेत्रा म्हणाली. एकदा गाडी सुरू झाल्यावर तिला हुरूप आला. "आय ॲम ऑल्सो ऑपोझिट. वी आर ऑपोझिट ओन्ली. फ्रॉम माय किचन आय सी हर एव्हरी मॉर्निंग. हर डॉटर मेड माय सन टॉक. प्लीज डोन्ट पुट लाइन इन बिटवीन." हॉलमध्ये कुणीतरी हसलं, पण ते प्रेमळ हसू होतं. अध्यक्षबाई पुढे वाकल्या. म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा या रेघेला विरोध आहे तर, असं काहीतरी त्या म्हणाल्या, आणि सुनेत्रानं आपण सगळे हलवतो तशी मान हलवली, ना उभी ना आडवी. तुमची मैत्रीण इथे आहे का, बाईंनी विचारलं. सगळ्या माना वळल्या. राधिका अर्धवट उठली. तिचं तोंड उघडलं, मिटलं. मग ती खाली बसली आणि तिनं नुसता हात वर केला. "थँक यू बोथ," बाई म्हणाल्या, आणि लाल दिवा लागला.

गाडीत प्रल्हादला हसू आवरेना. त्याला गॅस स्टेशनवर गाडी थांबवावी लागली. "अगं, त्यांना वाटलं तुम्ही दोघी विरोधात आहात! ऑपोझिट म्हणजे समोर, हे तुझं आणि माझं इंग्लिश. त्यांच्या कानाला ते विरोधातच ऐकू आलं." "पण मी समोर म्हणत होते," सुनेत्रा म्हणाली. "हो नं बाप्पा. तू म्हणालीस समोरची, त्यांनी ऐकली समोरची पार्टी." तो पुन्हा हसायला लागला आणि तीही हसली, पोट दुखेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. आपण राधिकाच्या नावानं खोटं बोललो, न कळत का होईना, भर सभेत. आणि तिला ते सगळं कळत होतं, तिचं इंग्लिश माझ्यापेक्षा किती तरी चांगलं. मग ती उठली का नाही? उठून एक वाक्य बोलली असती तर संपलं असतं. हा प्रश्न त्या पेट्रोलच्या वासात तिच्या अंगाला चिकटला, तो उन्हाळाभर निघाला नाही.

निकाल डेबीनं रस्त्यावरून ओरडूनच सांगितला. रेघ ओढ्यापर्यंत मागे गेली होती. अख्खी लार्क लेन गुलाबी! डेबीनं तिला मिठी मारली. सुनेत्राला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि समोरचा पडदा दिवसभर अर्धा होता. तिनं किती वेळा ठरवलं की जावं, माफी मागावी. बोर्डाला जाऊन सांगावं की बाई, माझ्या इंग्लिशची चूक झाली, रेघ होती तिथे नेऊन ठेवा. मग ईशानचं मिटलेलं तोंड आठवायचं आणि पाय तिथेच राहायचा. खरंच का मला रेघ परत हवी आहे? नाही. मग माफी कसली मागतेस? असा तो झगडा, भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या घालताना. खोटं कशाला बोला, तिला आनंदही होत होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. जुलैत मालिनीकाकू परत निघाल्या. निरोपाला आल्या तेव्हा कढीपत्त्याला हात लावून म्हणाल्या, "समोरासमोर राहून एकमेकींना पाठ कसली दाखवता गं? जमतं तरी कसं तुम्हाला?" सुनेत्रानं वाकून नमस्कार केला आणि तिला रडू फुटलं. काकूंनी पाठीवर हात फिरवला, पण कुणाची बाजू घेतली नाही.

शाळेचा पहिला दिवस उजाडला तो लख्ख, मक्याच्या शेतांवरून येणाऱ्या गार वाऱ्याचा. बसचा थांबा राधिकाच्या मेलबॉक्सपाशी होता, म्हणजे जाणं भागच होतं. ईशानचा हात धरून सुनेत्रानं रस्ता ओलांडला. इतका रुंद तो तिला बर्फातही वाटला नव्हता. राधिका उभी होती, आणि तिच्या कुडत्याआड सई. बडबडी सई, ट्रकवाल्याला देव सांभाळायला सांगणारी, ती आईचा कुडता मुठीत धरून खाली बघत होती आणि तिचा खालचा ओठ थरथरत होता. हे आपण केलं. एका शब्दानं. बस आली, दार फिस्स करून उघडलं, नवी ड्रायव्हर नवी यादी घेऊन ओणवी झाली. "अँड हू आर यू, स्वीटी?" सई गप्प. कुलूप. आणि मग ईशान, सुनेत्राचा हात सोडून पायरीवर चढलेला ईशान, वळून खणखणीत म्हणाला, "शी इज सई. शी वाँट्स द विंडो सीट." सईनं मान वर केली. "नो, आय डोन्ट," ती म्हणाली. "यस, यू डू," ईशान म्हणाला, आणि भांडत भांडत दोघं आत गेली. दार मिटलं. खिडकीत आधी सईची लाल रिबीन दिसली, मग तिच्याशेजारी ईशानचं डोकं, ओठ सारखे हलताहेत. बस वळणावर दिसेनाशी झाली.

दोघी तिथेच उभ्या राहिल्या. आता मान खाली घालायला टपालही नव्हतं. राधिकानं नाक ओढलं. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. सुनेत्राला वाटलं, आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही.

"राधिका, त्या दिवशी तू उठून सांगितलं का नाहीस गं?"

"काय सांगणार होते?" राधिका म्हणाली. "तू माझ्या समोर राहत नाहीस म्हणून?"

राधिकानं पदर नसलेल्या खांद्यावर उगाच पदर सावरल्यासारखं केलं, डोळे पुसले आणि घराकडे वळली. "पोहे करतेय. उभी काय राहिलीस? जा, कढीपत्ता घेऊन ये. आणि चारच पानं आण, मूठभर नको."

सुनेत्रा रस्ता ओलांडून पळतच गेली आणि मूठभरच घेऊन आली.